चौदावं मिनिट

सासूबाईंनी कपाटाला नवं कुलूप घातलं आणि त्याची चावी इतकी जपून ठेवली की आता ती त्यांनाच सापडत नाही, असं नवरा फोनवर सांगत होता, आणि ‘अहो, पिठाच्या डब्यात बघा’ असं ती म्हणणार तोच ऑफिसातल्या तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर घंटा वाजली. घंटा म्हणजे काय, दोन बारीक ठोके. दिवसातून पाचदहा वेळा वाजायचेच ते. कुठला तरी ऑपरेटर सावलीसाठी मशीन कुंपणाबाहेर घ्यायचा, कुणी डिझेलच्या टँकरकडे न्यायचा, आणि कुंपण म्हणजे तरी काय, नकाशावर तिनेच ओढलेली एक रेघ. खऱ्या जमिनीवर तिथे काटकीसुद्धा नव्हती. त्यामुळे घंटा वाजली म्हणून कुणी धडपडत उठत नसे. तिने डोळा तिरपा करून नंबर बघितला आणि पुढचं बोलायचंच विसरली. एकवीस. नवरा ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला. तिने फोन ठेवून दिला; ठेवते असंही म्हणाली नाही. एकवीस नंबरसाठी ही घंटा गेल्या दोन वर्षांत एकदाही वाजली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात अकराला सात मिनिटं कमी होती.

‘आमची सून दिवसभर बसून चोरांची वाट बघते,’ असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. कंपनीची त्र्याण्णव मशीनं निरनिराळ्या साइटवर पसरलेली होती. प्रत्येकाच्या पोटात एक डबी, आणि त्या डबीने पाठवलेल्या खबरीचा तिच्या पडद्यावर एक ठिपका. वीस टनांचं पोकलेन कोण कशाला चोरेल, असं लोकांना वाटतं. लोकांना काय, काहीही वाटतं. एका बनावटीच्या सगळ्या मशीनना एकच चावी लागते आणि ती कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मागितली की मिळते. ट्रेलर आणायचा, चावी फिरवायची, मशीन चढवायचं, दुसऱ्या गावी रंग फासायचा, की झालं. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात तो लाल चौकोन होता. तो दाबला की कोसभर लांब धडधडणारं मशीन जागच्या जागी गप्प. मग चावी फिरवा नाहीतर डोकं आपटा, इथून परत चालू केल्याशिवाय ते कुणाच्या बापाला हलत नसे. नियमाचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता. घंटा वाजली की ऑपरेटरला फोन, मग साइट इंजिनिअरला फोन, दहा मिनिटांत खुलासा झाला नाही तर दाबायचं. नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण त्या लाल चौकोनाला तिने दोन वर्षांत बोट लावलं नव्हतं. तशी वेळच आली नाही, असं ती विचारणाऱ्याला सांगायची. खरं म्हणजे वेळ येऊ नये म्हणून ती चहावाल्यापासून पहारेकऱ्यापर्यंत साइटवरच्या जो सापडेल त्याला फोन करत सुटायची, आणि नवव्या मिनिटाला कुणीतरी हाती लागलं की पाणी पिऊन यायची.

एकवीस नंबर चालवायचे दमानंमामा. हे नाव त्यांना कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण नवा ऑपरेटर शिकायला आला की ते त्याच्या शेजारी उभे राहून एवढा एकच शब्द बोलत, ‘दमानं.’ बादली आपटली, दमानं. झटका दिला, दमानं. पोरगं रडकुंडीला आलं तरी तेच. असं म्हणतात की कंपनीतले निम्मे ऑपरेटर त्यांनी तयार केले आणि उरलेले निम्मे त्या निम्म्यांनी. संध्याकाळी काम संपलं की मशीनं कशी लावायची हेही त्यांचंच. लहान यंत्रं मधे, त्यांच्याभोवती मोठी, सगळ्यांच्या बादल्या जमिनीला टेकवलेल्या, आणि शेवटचं सगळ्यांत जड मशीन वाटेवर आडवं, म्हणजे ते काढल्याशिवाय आतलं एकही निघणार नाही. गोठ्यात वासरं मधे घेऊन बसावं तशी ती मशीनं बसलेली दिसायची. पुढे कंपनीने हीच पद्धत परिपत्रक काढून सगळीकडे लागू केली. परिपत्रकावर साहेबांची सही होती. मामांचं नाव कुठे नव्हतं. तिने एकदा रागाने ते बोलून दाखवलं तर मामा म्हणाले, ‘मशीनं गेली नाहीत ना? मग नाव घेऊन काय त्याचं लोणचं घालायचंय?’ आणि ह्याच मामांचा दोन वर्षांचा रिवाज असा की मशीन रेघेबाहेर काढायच्या आधी त्यांचा फोन यायचा. न चुकता. ‘पोरी, जरा बाहेर जातोय, खडीच्या ढिगापर्यंत. वीस मिनिटं.’ तेवढ्यापुरती ती एकवीसची घंटा बंद ठेवायची. विसाव्या मिनिटाला पुन्हा, ‘आलो गं.’ घरचं माणूस भाजीला जाताना सांगून जावं तसं. आज फोन नव्हता.

तिने मामांना फोन लावला. बंद. साइट इंजिनिअरला लावला. बंद. पहारेकऱ्याला लावला, तोही बंद. एकाचा फोन बंद असतो, बॅटरी संपते, बायकोशी भांडण होतं. पण तिघांचा एकदम? साइटवरच्या आणखी दोघांचे नंबर होते, तेही गप्प. साइटवरची बाकीची मशीनं मात्र आपापल्या जागी होती. नवंकोरं चौतीस नंबर शेडपाशी, रोलर खडीच्या बाजूला, सगळं ठाकठीक. फक्त एकवीसचा ठिपका फाटकातून निघून रस्त्याने कालव्याच्या दिशेने चालला होता, माणूस सावकाश चालतो त्या वेगाने. तिसरं मिनिट संपलं. साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांना घंटा ऐकू येत नसे, पण तिचा चेहरा काचेतून दिसत असे.

‘कोण?’

‘एकवीस.’

‘मामा? मग विचारा ना त्यांना.’

‘कुणाचाच फोन लागत नाही, साहेब.’

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. साहेब वाईट नव्हते. पण ते बसले म्हणजे मिनिटं मोजणारं आणखी एक माणूस वाढलं.

दोन वर्षांपूर्वी, त्या दिवशीही अशीच सकाळ होती, असाच ठिपका. फक्त रस्त्याच्या जागी नदी होती. नदीच्या कोरड्या पात्रात खोदकाम चाललं होतं आणि एकवीसचा ठिपका अचानक रेघेबाहेर निघाला, भरभर, पोकलेनला जेवढं भरभर जाता येतं तेवढं. मामांचा फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही. दहा मिनिटं झाली आणि तिने दाबलं. शाळेत बरोबर उत्तर लिहावं तसं आत्मविश्वासाने दाबलं, आणि साहेबांकडे बघून हसलीसुद्धा. ते हसू आठवलं की अजून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर कुठेतरी धरणाचं पाणी सोडलं होतं. निरोप साइटपर्यंत पोचलाच नव्हता; मामांनी पाण्याचा आवाज ऐकला आणि मशीन घेऊन काठाकडे निघाले. दोन्ही हात दांड्यांवर, फोन उचलणार कुठल्या हाताने? काठ वीस पावलांवर असताना त्यांच्या हाताखालचं इंजिन मेलं. त्यांनी दोनदा चावी फिरवली. मग बूमवर, मशीनच्या लांब हातावर चढून टोकापर्यंत गेले आणि तिथून काठावर उडी टाकली. गुडघा फुटला. मशीन केबिनपर्यंत गाळात गेलं, ते काढायला पाच दिवस लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावं तसं तिने केलं होतं, आणि तेही नियमाने, सही-शिक्क्याने, कागदावर बोट ठेवून कुणी तिला चूक म्हणू शकणार नाही अशा तऱ्हेने. त्यानंतर कित्येक दिवस ती जेवताना मधेच थांबायची. वीस पावलं म्हणजे किती, हे बघायला तिने एकदा स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत पावलं मोजली होती. घर संपलं तरी वीस झाली नव्हती.

चौकशी झाली. मामा कुबडी घेऊन आले आणि म्हणाले, ‘त्या पोरीनं बटण बरोबर दाबलं. मी सांगून निघायला हवं होतं.’ एवढंच. कुणी म्हणालं, अहो पाणी आलेलं असताना सांगणार कधी? तर म्हणाले, ‘तो माझा प्रश्न आहे.’ चौकशी संपल्यावर बाकीचे चहाला गेले आणि मामा टेकत टेकत तिच्या टेबलाशी आले. ती उठून उभी राहिली. काय बोलायचं ते तिने रात्रभर घोकून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. त्यांनी पडद्याकडे बघितलं. ‘मी कुठनं दिसतो तुला?’ तिने दाखवलं. ते बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘एवढासाच? ह्याच्यावरनं तू ओळखणार काय, कपाळ?’ आणि बसले खुर्चीवर, दुखरा पाय लांब करून, दोन तास. ह्या आकड्याचा अर्थ काय, इंजिन किती फिरतंय ते कुठे दिसतं, बाण कशाचा, किती पावलं बाहेर गेलं की घंटा होते, दाबल्यावर किती वेळात बंद होतं. सगळं विचारून घेतलं. तिला वाटलं, हा माणूस आपली समजूत काढायला बसलाय. बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

तेव्हापासून ती ठिपके वाचायला शिकली. त्याआधी नुसती बघायची. इंजिनच्या फेऱ्यांची एक रेघ पडद्याच्या तळाशी सरकत असते. तिच्यावरून माणूस ओळखता येतो हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं. सात नंबरवाला दर अर्ध्या तासाने बिडी ओढायला थांबतो. बावन्नवाल्याचं नुकतं लग्न झालंय, तो सव्वा वाजता इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं फोनवर बोलतो आणि डिझेल कंपनीचं जाळतो. कुणी सकाळी रागात असतो, कुणी जेवणानंतर पेंगतो. आणि एकवीसची रेघ अशी की बघत बसावं. झटका नाही, हिसका नाही, खोदतानाही नाही. बादली मातीत शिरताना रेघ थोडी वर चढायची, भरली की उतरायची, वळताना तेवढीच राहायची, दिवसभर, शेकडो वेळा. काम नसेल तेव्हा ती नुसती एकवीस उघडून बसायची. आपण एका माणसाचे हात बघतोय, हे ती कुणाला सांगू शकली नव्हती. नवऱ्याला एकदा सांगायला गेली तर तो म्हणाला, ‘रेघेत काय बघायचंय?’ खरंच होतं त्याचं. तिलाही सांगता येत नव्हतं. पण ज्या दिवशी घरी कटकट झालेली असे, मुलीचा अभ्यास, सासूबाईंचं पथ्य, गॅस संपलेला, त्या दिवशी ती रेघ बघितली की तिचा श्वास आपोआप लांब व्हायचा. आयुष्यात एवढं नीट कुणी काही करताना तिने पाहिलं नव्हतं.

सहावं मिनिट. ‘पुढे कालव्यावरचा पूल ना?’ साहेब म्हणाले. ‘पूल ओलांडला की हमरस्ता. तिथे ट्रेलर उभा असणार बघा.’ हो, पूल. अरुंद, जुना पूल. साइटला यायला-जायला तेवढी एकच वाट. ठिपका त्याच्याकडेच चालला होता. खाली पाणी. रेघ बघायची सोडून आपण नकाशा बघत बसलोय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं आणि तिने खाली नजर नेली. रेघ सरळ होती. झटका नव्हता, हिसका नव्हता. म्हणजे दांड्यांवर हात मामांचेच होते. तिला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी वाटेनासं झालं. मामांचे हात, मामांचं मशीन, साइटवरचे सगळे फोन बंद, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा न सांगता बाहेर. तीन महिन्यांनी मामा निवृत्त होणार होते. गुडघा वाकत नव्हता. परिपत्रकावर नाव नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, कुलूप सावासाठी असतं. चोराला कुलपाचं कौतुक नाही, पण सावाचा हात त्याच्यामुळे सावाचा राहतो. मग इतकी वर्षं ज्याच्या हातात सगळ्या मशीनची एकच चावी होती त्याचा हात... तिने तो विचार तिथेच दाबला. दाबला तरी तो तिथेच होता. स्वतःचीच तिला किळस आली. पण किळस आली म्हणून विचार खोटा ठरत नाही, हेही तिला कळत होतं.

‘नऊ,’ साहेब म्हणाले.

‘माहितीये.’

‘मॅडम, मी तुम्हाला घाई करत नाहीये.’

‘करताय, साहेब.’

पूल शंभर पावलांवर आला होता. मग पन्नास. बोट लाल चौकोनाजवळ होतं आणि त्या बोटाचा तिच्याशी काही संबंध नसावा असं तिला वाटत होतं. दहा झाली. साहेबांनी मोठ्याने सांगितलं नाही, नुसते उभे राहिले. दाबलं तर मशीन पुलाच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेलाच मरेल. चोर असतील तर अडकतील, नियम पाळला जाईल, शाबासकी मिळेल. आणि मामा काही संकटातून बाहेर पडत असले तर? पुन्हा तेच? पुन्हा कुबडी टेकत येतील आणि पुन्हा म्हणतील, पोरीनं बरोबर दाबलं? ते ऐकण्यापेक्षा नोकरी गेली तर बरी, असं तिला स्वच्छ वाटलं. आणि ह्याला भित्रेपणा म्हणतात, हेही तितकंच स्वच्छ वाटलं. दोन वर्षं ती चोरांची वाट बघत नव्हती, ह्या क्षणाला घाबरत बसली होती.

‘मॅडम, दाबा.’

‘थांबा.’

‘अहो नियम आहे! वर मला उत्तर द्यावं लागेल. दाबा म्हणतोय ना.’

‘मी देईन उत्तर. थांबा जरा!’ एवढ्या मोठ्याने ती ऑफिसात कधी बोलली नव्हती. पलीकडच्या टेबलांवरच्या माना वळल्या. साहेबांचा हात टेबलावरून पडद्याकडे आला तेव्हा तिने तो चक्क बाजूला सारला, आणि दोघांनाही कळेना की आता पुढे काय करायचं.

कारण ठिपका थांबला होता. पुलाच्या तोंडाशी, पलीकडे नाही, अलीकडे. मग तो जागच्या जागी हलला. बाण पुलाकडे होता, तो हळूहळू वळायला लागला. थोडा वळला, थांबला, पुन्हा थोडा, आणि सरळ रस्त्याला आडवा झाला. बारावं मिनिट. रेघ एकदा चढून उतरली. हे तर तिला रोज संध्याकाळी दिसायचं. बादली जमिनीला टेकवली, की असंच चढून उतरतं. मग रेघ खाली आली आणि तळाशी स्थिर झाली. इंजिन चालू, सगळ्यांत हळू, काही काम नाही. साहेब काहीतरी बोलत होते. तिला मात्र मामांचा आवाज ऐकू येत होता, त्या दुखऱ्या पायाच्या दुपारचा. एखादं दमलेलं इंजिन एकदम बंद करू नये, पोरी. आत तापलेलं असतं, तेल फिरायचं थांबतं, जळतं. बंद करायचं असलं की दोनतीन मिनिटं नुसतं हळू फिरू द्यायचं, मगच चावी. तुझ्या त्या बटणाला हे कळत नाही. लोक ऐकत नाहीत, पण मी आयुष्यात कधी गरम इंजिन बंद केलं नाही. मग आता ते काय करत होते? बंद करायच्या तयारीत होते. मग करत का नाहीत? चावी त्यांच्याच हातात. चावी! चावीने बंद केलेलं मशीन चावीने चालू होतं, आणि ती चावी बाजारात मिळते, कुणाच्याही खिशात असते. पुलाच्या तोंडावर आडवं लावलेलं मशीन कुणालाही चालू करून बाजूला काढता येईल. फक्त एका तऱ्हेने बंद झालं तर येणार नाही. घंटा चुकून वाजली नव्हती. मामांकडे फोन नव्हता, म्हणून त्यांनी वीस टनांचं मशीन रेघेबाहेर काढून तिला हाक मारली होती. आणि आता इंजिन थंड करत, तिच्या बोटाची वाट बघत उभे होते.

किंवा हे सगळं तिच्या मनाचे खेळ होते. पुरावा म्हणून तिच्याजवळ तळाशी सरकणारी एक रेघ होती, बस्स. ती रेघ तिने दोन वर्षं वाचली होती. चौदावं मिनिट लागलं आणि तिने दाबलं.

ठिपका राखाडी झाला. मग काही नाही. साहेबांनी पोलिसांना फोन केला, पूल सांगितला, साइट सांगितली, आणि येऊन पुन्हा तिच्या शेजारी बसले. पंधरावं, विसावं, तिसावं मिनिट. कुणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. नवऱ्याचा पुन्हा फोन आला, चावी सापडली, पिठाच्या नाही, साखरेच्या डब्यात. ती ‘बरं’ म्हणाली. जर आपण चुकलो असू तर ह्या क्षणी तिकडे काय चाललं असेल, ह्याची चित्रं तिच्यापुढे एकेक करून येत होती, आणि एकही पुसता येत नव्हतं. साहेब मधेच म्हणाले, ‘दहाला दाबलं असतं तर निदान नियमात बसलं असतं.’ त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते तिच्यासाठी बोलत होते, हे तिला कळलं, आणि त्याने तर आणखीच भीती वाटली.

अकरा पस्तीसला मामांचा फोन आला. मामांचा म्हणजे मामांच्याच नंबरवरून. तिने उचलला.

‘पोरी, आहेस ना?’

‘आहे. तुम्ही बरे आहात?’

‘मला काय धाड भरलीये? चौतीस नंबर नेत होते गं. नवीन.’

‘चौतीस तर शेडपाशी आहे!’

‘तुझी डबी शेडपाशी आहे. मशीन ट्रेलरवर आहे.’

आणि मग मामांनी दमानं सांगितलं. साडेदहाला तीन माणसं ट्रेलर घेऊन आली. अंगात चमकत्या पट्ट्यांची जाकिटं, डोक्यावर शिरस्त्राणं, हातात कंपनीच्या कागदासारखा कागद. आज सेफ्टीची तपासणी आहे, सगळ्यांनी फोन ह्या पेटीत टाका, मशीनवर फोन चालत नाही. सगळ्यांनी निमूट टाकले; इंजिनिअरनेही टाकला. सेफ्टीचं नाव घेतलं की साइटवर कुणी तोंड वर करून बोलत नाही. चौतीसमधे दोष आहे, वर्कशॉपला न्यायचंय म्हणाले. इंजिनिअर सही करायला बसला. ‘मीपण बघत होतो बावळटासारखा,’ मामा म्हणाले. ‘पण त्यातला जो मोठा तपासणीवाला, तो चौतीसवर चढला, आतलं बघितल्यासारखं केलं आणि उतरला. कसा उतरला, सांग? मशीनकडे पाठ करून! जिन्यानं उतरावा तसा, तोंड बाहेर. अगं पहिल्या दिवसाचं पोरगंसुद्धा मशीनकडे तोंड करून उतरतं, नाहीतर मीच कान पिळतो. आणि हा आम्हाला सेफ्टी शिकवणार. तिथंच म्हटलं, हे बेणं आपल्यातलं नाही.’

इंजिनिअरला बाजूला घेऊन सांगावं तर एकजण त्याला चिकटूनच बसलेला. आरडाओरडा करावा तर एकाच्या कमरेला काहीतरी होतं. मग मामा पुढे झाले आणि म्हणाले, तुमचा ट्रेलर लांब आहे, पुलापाशी वळताना अडेल, मी माझं मशीन पुढे नेऊन कडेची माती कापून देतो. चोरांनी त्यांचे आभार मानले. ‘आभार मानले गं! मी म्हटलं, अहो त्यात काय, आपलं कामच आहे.’ पुलाशी जाऊन मशीन आडवं घातलं, बादली रोवली, आणि इंजिन गरम झालंय, जरा दम धरा म्हणून खाली उतरून बसले. ट्रेलर मागे येऊन उभा राहिला. त्यांनी शिव्या दिल्या, मग एकजण स्वतःची चावी काढून चढला, आणि तो खुर्चीवर बसतो न बसतो तोच इंजिन बंद. त्याने चावी फिरवली, पुन्हा फिरवली. ‘हूं नाही की चूं नाही. तोंड बघण्यासारखं झालं होतं त्याचं. मग पळाले कालव्याच्या कडेनं, ट्रेलर, मशीन, फोनची पेटी, सगळं टाकून. पोलीस आता आलेत, गोळा करतायत त्यांना.’

साहेब कान देऊन ऐकत होते. त्यांनी डोक्याला हात लावला आणि मग तो हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. तिला खूप बरं वाटत होतं, इतकं की त्यातच ती म्हणून गेली, ‘मामा, मी नियमाप्रमाणे दहाव्या मिनिटाला दाबलं असतं तर? तेव्हा मशीन सरळ होतं, रस्त्याच्या कडेला. शेजारून ट्रेलर सहज निघून गेला असता.’

‘गेलाच असता.’

‘मग?’

‘चौदा लागणारच होती. फाटकापासून पुलापर्यंत दहा, वळायला दोन, इंजिन निवायला दोन. बसल्या बसल्या हिशेब केला होता.’

‘पण नियम दहाचा आहे, हे तुम्हाला माहीत आहे.’

मागे कुणीतरी भोंगा वाजवत होतं. मग त्यांनी ज्या आवाजात नव्या पोरांशी बोलायचे त्या आवाजात सांगितलं, ‘तू मला जशी बघतेस तसा मीपण तुला बघतोच की, पोरी. दोन वर्षं झाली. माझा फोन पाच मिनिटं उशिरा आला तर तुझा आवाज कसा येतो, हे मला ठाऊक नाही का? तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी मशीन काढलंच नसतं. ही पोरगी नवव्या मिनिटानंतर अडखळेल, म्हटलं, आणि रेघ बघितल्याशिवाय मला मारणार नाही. त्या भरवशावरच निघालो.’

ज्याची तिला दोन वर्षं लाज वाटत होती, जे ती नवऱ्यापासूनसुद्धा लपवत आली होती, ते ह्या माणसाने मिनिटांत मोजून हिशेबात धरलं होतं, डिझेल धरावं तसं.

‘बरं, आता चालू कर,’ मामा म्हणाले. ‘रस्ता अडवून बसलोय. पलीकडे खडीचा ट्रक आलाय, शिव्या घालतोय.’

‘करते.’ तिने पडद्याकडे बघितलं. पडदा कुठे होता तेच तिला दिसेना. ‘मामा, एक मिनिट द्या मला.’

‘घे की. तो घालू दे शिव्या.’

साहेब उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत राहिले. तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मशीन चालू केलं.